तीन पाण्यांनी धुतलेलं तिकीट

पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाला लोक दोनच प्रश्न विचारतात. तुम्ही कधी लोकांची पत्रं फोडून वाचलीत का, हा पहिला. मनीऑर्डरी खरंच गहाळ होतात का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर असं की फोडायची गरजच नव्हती, निम्मं गाव आपली पत्रं आमच्याकडूनच वाचून घ्यायचं. दुसऱ्याचं उत्तर मी पेन्शन चालू असेपर्यंत देणार नाही. संपादकांनी 'काही हृद्य अनुभव' मागितलेत. हृद्य म्हणावं असं माझ्या नोकरीत फार थोडं घडलं. एक तिकीट मात्र आठवतं. चंद्राकडं निघालेल्या रॉकेटचं, रशियाचं. त्यापायी आमच्या गावात जो तमाशा झाला, त्याला पोस्टाच्या कुठल्याच कायद्यात कलम नव्हतं.

गावाचं नाव सांगत नाही. परभणी जिल्ह्यातलं, चुडाव्याच्या स्टेशनावर ज्याची टपालाची थैली उतरायची असं एक मध्यम गाव समजा. ज्या वकिलांबद्दल लिहिणार आहे त्यांची नातवंडं अजून तिथं राहतात आणि दिवाळी अंक विकत न घेता वाचतात.

मी उर्दूत परीक्षा देऊन पोस्टात लागलो. तेव्हा आमच्याकडं निजामाचं वेगळं टपाल होतं, वेगळी तिकिटं होती. मग पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, त्याची तिकिटं गेली, आणि साहेब म्हणाले, आता सगळं इंग्रजीत. पुढं हैदराबाद राज्यच मोडलं, आम्ही मुंबई राज्यात गेलो, आणि लोक म्हणाले, मराठीत बोला. दहा-बारा वर्षांत मी तीन राजवटींची नोकरी केली, पण खुर्ची एकच होती. तिचा एक पाय आखूड होता आणि तो कुठल्याच राजवटीला लांब करता आला नाही.

तिकीट म्हणजे काय, हे लोकांना समजावून सांगण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. तिकीट ही पावती असते. तुम्ही वाहतुकीचे पैसे भरलेत एवढंच ते सांगतं. ते पुन्हा कुणी वापरू नये म्हणून आम्ही त्याच्यावर ठप्पा मारून त्याला बाद करतो. पण आमच्या लोकांना बाद झालेली गोष्ट चालू करायची भारी हौस. एक हेडमास्तर होते, ते पत्राच्या तिकिटावर साबणाचा पातळ थर देत. पत्र मिळालेल्यानं ते तिकीट उलट टपाली परत धाडलं की ठप्पा ओल्या फडक्यानं पुसायचा आणि तेच तिकीट परत चिकटवायचं. शाळेत ते नागरिकशास्त्र शिकवीत. दुसरे एक जमीनदार होते. निजामाची तिकिटं रद्द होऊन चार वर्षं झाली तरी त्यांच्याकडं गठ्ठा शिल्लक होता. ते दर महिन्याला एक पत्र त्या तिकिटासह खिडकीतून आत सरकवायचे आणि म्हणायचे, "घ्या की मास्तर, शाही शिक्का हाय, कवातरी परत यील." मी पत्र परत करायचो. ते पान खाऊन निघून जायचे. पुढच्या महिन्यात पुन्हा हजर.

आणि तिसरे त्र्यंबकराव वकील.

त्र्यंबकराव कडक सोवळ्याचे. कोर्टात जाताना स्वतःच्या पाण्याचा तांब्या बरोबर. पक्षकाराच्या घरी पाण्याचा घोट घ्यायचे नाहीत, फी मात्र कुणाच्याही हातची घ्यायचे. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पानावरचा भाताचा दाणा आपल्या पानात उडाला तर अन्नावरून उठून जायचे. आमच्या खिडकीशी पाण्यात भिजवलेला स्पंज ठेवलेला असायचा, तिकिटं ओली करायला. वकीलसाहेब त्याला बोट लावायचे नाहीत. तो किती जणांच्या बोटांनी विटाळलाय कुणास ठाऊक, असं म्हणून आपल्या तांब्यातल्या पाण्यात करंगळी बुडवायचे आणि तिकीट लावायचे.

अशा माणसाला छंद कसला असावा? तिकिटं जमवायचा. मुंबईचा एक व्यापारी त्यांना डाकेनं देशोदेशीची वापरलेली तिकिटं पाठवायचा. गावात त्यांनी 'टपाल तिकीट संग्राहक मंडळ' काढलं होतं. अध्यक्ष ते, चिटणीस त्यांचे जावई, आणि सभासद म्हणून आमचे पोस्टाचे इन्स्पेक्टर. हे साहेब तपासणीला आले की पोस्टाच्या वह्या दहा मिनिटांत बघायचे आणि वकिलांचा अल्बम तीन तास.

सत्तावन्न साली रशियानं आकाशात लोखंडी गोळा सोडला, तो काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. संध्याकाळ झाली की गाव धाब्यावर, घरांच्या मातीच्या छतांवर. जो तो वर बोट दाखवून 'ते बघ, ते बघ' करायचा. एका कुटुंबानं आठवडाभर शुक्राच्या चांदणीला नमस्कार घातला. वकीलसाहेब पारावर भाषण द्यायचे की हा गोळा दीड तासात पृथ्वीला फेरी मारतो. त्यावर एकानं विचारलं, "मग आपली परभणीची यष्टी दीड तास का घ्यायलीय?"

त्या गोळ्याची तिकिटं निघाली. गोळ्याची, मग दुसऱ्या गोळ्याची. वकिलांना त्यांचं वेड लागलं. 'अंतराळयुगाची तिकिटे' असा त्यांनी अल्बमात वेगळा विभाग केला. आणि तेवढ्यात आमच्या पोस्टात खुद्द रशियातून पत्रं येऊ लागली. वकिलांना नव्हे हो. सोजरबाईला.

सोजरबाई म्हणजे गावाबाहेरच्या माळावर मेंढरं राखणारी बाई. नवरा लवकर वारला. एक पोरगा, म्हादू. तो मेंढरं मोजता मोजता झोपायचा, म्हणून वैतागून तिनं त्याला शाळेत घातला. तिथं मात्र तो जागा राहिला. परभणीला बोर्डिंगात राहिला, हैदराबादला फिटरचं काम शिकला, आणि मध्य प्रदेशात रशियाच्या मदतीनं पोलादाचा मोठा कारखाना उभा राहत होता तिथं चिकटला. त्या कारखान्यानं काही पोरं शिकायला रशियात धाडली, त्यांत हा. गावातल्या भल्याभल्या घरची पोरं तालुक्याची परीक्षा नापास होऊन घरी बसलेली, आणि मेंढरांमागच्या बाईचा पोरगा रशियात. हे काही लोकांना पचलं नाही. त्यांनी ते आजवर पचवलेलं नाही.

पत्र आलं की आमचे पोस्टमन लतीफभाई माळावर जायचे नाहीत, सोजरबाईच यायची. बाजाराच्या दिवशी घोंगडी सावरत खिडकीशी उभी. "मास्तर, म्हादूचं काय आलंय का?" मी पत्र वाचून दाखवायचो. पत्रात काय असायचं? थंडी फार आहे, जेवण बरं आहे, काळजी करू नको. आईला लिहिलेल्या पत्रांत कुणी याहून जास्त लिहीत नाही. वाचून झालं की ती पाकीट हातात घेऊन तिकीट बघत बसायची. एकदा म्हणाली, "मास्तर, ह्ये चिकटतं कशानं?"

"मागं डिंक असतो. जिभेनं ओला करायचा आणि दाबायचं."

"मंजी ह्याला म्हादूची जीभ लागली हाय?"

"लागली असेल की."

तिनं पाकीट पदराच्या आत घेतलं. लतीफभाई माझ्याकडं बघून हसले. मीही हसलो. त्या वेळी त्यात हसण्यासारखं होतं.

पुढं एके दिवशी वकीलसाहेब नवं तिकीट दाखवायला पोस्टात आले. रुमानियाचं, कुत्र्याचं. रशियानं दुसऱ्या गोळ्यात बसवून वर धाडलेली कुत्री, लायका. सोजरबाई तिथंच उभी होती. कुत्रं म्हटल्यावर तिनं मान पुढं केली. मेंढरं राखणाऱ्यांचं अर्धं घर कुत्र्यावर चालतं.

"वकीलसाब, ह्ये परत कवा आलं?"

"परत नाही आलं बाई. परत आणायची सोयच नव्हती. विज्ञानासाठी बलिदान केलं तिनं."

"तिला इचारलं व्हतं का?"

वकीलसाहेब हसले. "अहो, कुत्र्याला काय विचारायचं?"

"आमचं राखणीचं कुत्रं म्हातारं झालं, दात पडले, तरी आमी वाटंवर सोडत न्हाई," सोजरबाई म्हणाली. "ह्येनी तर पार आभाळात सोडलं."

एवढ्यावर थांबले असते तर ते वकील कसले? त्यांना सुचलं की या बाईला जरा विज्ञान शिकवावं. म्हणाले, "आता कुत्र्यावर थांबणार नाहीत ते. आता माणूस धाडणार."

"कुणाचा?"

"असाच कुणीतरी. तरणा, धडधाकट. यंत्राची माहिती असलेला. आणि वजनानं हलका हवा, म्हणजे रॉकेटला सोपं."

म्हादू तरणा. म्हादू यंत्रावरचा. आणि म्हादू इतका वाळका होता की त्याच्या अंगावरचा सदरा वाळत घातल्यासारखा दिसायचा. खिडकीच्या लाकडावर सोजरबाईची बोटं घट्ट आवळलेली मी पाहिली. परक्या मुलखातलं पोर, आगापिछा नाही, वर आई अडाणी. कुणाला धाडायचं असेल तर असलंच धाडतील. तिचा हिशोब तिच्या अनुभवाला धरून होता, कारण गावात वेठीला नेहमी असलंच पोर धरून नेलं जायचं.

तेव्हापासून पत्र आलं की ती आधी तिकिटावर अंगठा फिरवायची आणि मग म्हणायची, "वाचा आता." मी एकदा म्हणालो, "सोजरबाई, पत्र त्यानंच लिहिलंय, अक्षर त्याचंच आहे." त्यावर ती म्हणाली, "लिवणं काय, कुणाकडूनबी करून घेता येतंय. कोर्टात न्हाई का करत? जीभ ज्याची त्याचीच असती." घरी बिरोबाच्या फळीवर ती पाकिटं ओळीनं लावलेली होती. तिकीट आलं म्हणजे पोरगा जमिनीवर आहे, अशी तिची पक्की समजूत. मला ती दुरुस्त करावीशी वाटली नाही. पोस्टाचं काम पोचवायचं, समजूत काढायचं नव्हे.

वकिलांनी ती तिकिटं मागून पाहिली. बदल्यात कोर्टाचं काम फुकट करतो म्हणाले. ती म्हणाली, "माझं कुणाशी भांडण न्हाई." मग लुगडं देतो म्हणाले. ती म्हणाली, "हाय मला लुगडं." शेवटी चिडून मला म्हणाले, "मास्तर, या लोकांना किंमत नाही वस्तूची. गाढवाला गुळाची चव काय?" मी मान हलवली. गाढव कोण, हे मी विचारलं नाही.

एकोणसाठच्या सप्टेंबरात रशियानं चंद्रावर रॉकेट आदळवलं, वर्ष संपता संपता त्याचंही तिकीट निघालं. इकडं वकिलांनी प्रजासत्ताक दिनाला शाळेत प्रदर्शन ठरवलं. उद्घाटनाला कलेक्टरसाहेब. आणि चंद्राचं तिकीट काही केल्या मिळेना, मुंबईच्या व्यापाऱ्याकडंही नाही.

प्रदर्शनाला दहा-बारा दिवस असताना मी दोन दिवस रजेवर होतो. पोखर्णीला नृसिंहाच्या देवळात भाच्याचा नवस फेडायचा होता. परत आलो तर लतीफभाई दारातच. निजामाच्या टपालातला माणूस, पांढरी दाढी, कधी कुणाची चहाडी केलेली मी ऐकली नव्हती. म्हणाले, "साब, एक बुरी बात हुई. इन्स्पेक्टरसाब आए थे. सोजरबाईका खत आया था, चांदवाला टिकट था उसपे. उनो कैंची मांगे."

"आणि?"

"वकीलसाबके वास्ते कोना काट लिए. मैं बोला, साब, खत उस औरत का है. तो बोले, खत उसीकाच है, टिकट रशियाका है. रशिया आता क्या शिकायत करने?"

हे वाक्य खात्याच्या अधिकाऱ्याचं. आम्हाला नोकरीला लागताना डाकेच्या पावित्र्यावर शपथ घ्यायला लावली होती, ती बहुधा इन्स्पेक्टरांना लागू नसावी.

बाजाराच्या दिवशी सोजरबाई आली. मी पाकीट पुढं केलं. उजवा कोपरा कापलेला. तिनं अंगठा नेला तो भोकात गेला.

"मास्तर, तिकीट?"

"तिकीट कुणीतरी काढलंय. पत्र आहे ना आत. हे बघ, म्हादूचंच आहे. वाचू?"

"नगं."

"अगं ऐक तर. थंडी फार आहे म्हणतो..."

"ते तर दर खेपंला म्हणतोय. आधीची बघून कुणीबी लिवंल." तिचा चेहरा मातीसारखा झाला होता. "धाडला त्येला. चंद्रावर धाडला, अन् मला हे धाडलं."

मी खूप समजावलं. ती पोस्टाच्या पायरीवर बसली ती उठेना. मेंढरं माळावर तशीच. शेवटी मला राहवलं नाही. तिकीट कुठं आहे ते सांगून टाकलं. म्हटलं, वकिलांकडं आहे, सव्वीस तारखेला शाळेत लावणार आहेत, तिथं मिळेल, मी येतो तुझ्याबरोबर. बायको म्हणाली, नोकरी जाईल. मी म्हणालो, जाणार नाही, आखूड पायाच्या खुर्चीवर बसायला दुसरा कोण मिळणार आहे त्यांना?

शाळेच्या हॉलमध्ये बाकं लावून वर काचा ठेवल्या होत्या. काचांखाली तिकिटं. मधोमध वेगळ्या काचेखाली, मखमलीच्या तुकड्यावर, चंद्राचं तिकीट. कलेक्टरसाहेब तरुण होते, दक्षिणेकडचे, मराठी तोडकं बोलायचे पण समजायचं सगळं. वकीलसाहेब भाषणाला उभे राहिले. मानव आता ग्रहताऱ्यांकडं निघालाय, म्हणाले. विज्ञानापुढं कुठली जात आणि कुठला विटाळ? जुन्या खुळचट कल्पना आता टाकून द्यायला हव्यात, म्हणाले. टाळ्या पडल्या. त्यांच्या पुढ्यात शाळेच्या शिपायानं केलेल्या चहाचा कप होता, त्याला त्यांनी हात लावलेला नव्हता, आणि घरचा तांब्या खुर्चीखाली होता.

टाळ्या थांबल्यावर सोजरबाई पुढं गेली. घोंगडी खांद्यावर, हातात कोपरा कापलेलं पाकीट. मधल्या काचेपाशी उभी राहिली.

"हे माझं हाय," ती म्हणाली.

वकील हसले. "बाई, हे मंडळाचं आहे. बाजूला हो, साहेबांना बघू दे."

"माझ्या लेकराचं उष्टं हाय ते." आवाज चढलेला नव्हता. "वकीलसाब, तुमी तर कुणाचं उष्टं घेत न्हाई म्हणता. मग माझ्या लेकराचं उष्टं काचंखाली कशाला घातलंय?"

हॉलमध्ये आधी कुणाला उमगलं नाही. मग मागच्या बाजूनं कुणीतरी खुसखुसलं. मग सगळ्यांनाच दिसलं. बाकंच्या बाकं भरून तिकिटं, आणि एकेक तिकीट कुणीतरी चाटलेलं. रुमानियाचं, चीनचं, आफ्रिकेचं, खाटकाचं, खलाशाचं, कुणाकुणाचं. वीस वर्षं त्र्यंबकरावांनी जगभरचं उष्टं गोळा करून, हातांनी पुसून, देवघराशेजारच्या कपाटात ठेवलं होतं. हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आमच्याही. त्यांचा चेहरा असा झाला की पंगतीत दाणा उडाला तरी बरा.

मी कलेक्टरसाहेबांना थोडक्यात सांगितलं. पत्र या बाईचं, तिकीट पोस्टातच कापलं गेलं. इन्स्पेक्टरसाहेब तेवढ्यात भिंतीवरचा नकाशा फार बारकाईनं बघू लागले. कलेक्टर म्हणाले, "वकीलसाहेब, द्या तिकीट तिचं."

आता वकिलांना दोन गोष्टी वाचवायच्या होत्या. तिकीट तर गेलंच होतं, निदान सोवळं वाचवावं. काच उचलत ते मोठ्यांदा म्हणाले, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं, "घ्या, घेऊन जा. पण उष्टंबिष्टं काही नाही हां. मी स्वतः धुतलंय ते. एकदा नाही, तीन पाण्यांनी धुतलंय. मागं डिंकाचा कण ठेवलेला नाही."

लोक पुन्हा हसले. सोजरबाई हसली नाही. मला एकदम कळलं की या माणसानं काय करून ठेवलंय. छंदी लोक असंच करतात, कोपरा कापतात, पाण्यात टाकतात, तिकीट सुटून वर तरंगतं, मग डिंक धुवून वाळवतात. हे मला माहीत होतं. पण मी तिला 'तिकीट मिळेल' म्हणून घेऊन आलो होतो.

तिनं तिकीट तळहातावर उलटं केलं. मागची बाजू पांढरीस्वच्छ. तिनं अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"धुतलं?" ती म्हणाली.

"तीन पाण्यांनी," वकील म्हणाले.

तिनं तिकीट परत मखमलीवर ठेवलं. "ठिवा मग तुमच्याकडंच," म्हणाली आणि निघाली. इतका वेळ हसणारी माणसं वाट द्यायला बाजूला झाली. मला त्र्यंबकरावांचा त्या दिवशी जेवढा राग आला तेवढा आयुष्यात दुसऱ्या कुणाचा आला नाही, आणि तो आजही पुरता गेलेला नाही.

वकिलांच्या घरचं सांगून टाकतो. त्यांच्या मातोश्री, सगळ्या गावाच्या काकू, त्यांच्यापर्यंत गोष्ट पोचायला जेवणवेळही लागली नाही. काकूंनी लेकाला दारातच अडवून आडावर आंघोळीला पाठवला, भर थंडीत, मोजून दोन वेळा. अल्बम घरात नाही म्हणजे नाही. तो गोठ्यात गेला, वैरणीच्या माचीवर. अंतराळयुग तिथंच राहिलं. मंडळाची पुढची सभा कधी झाली नाही, आणि मला उन्हाळ्यात पालमला बदलीचा हुकूम आला. सोयीच्या कारणास्तव, असं त्यात लिहिलं होतं. कुणाच्या सोयीच्या, ते लिहिलेलं नव्हतं.

पण हुकूम येण्याआधीचे दिवस वाईट गेले. मी म्हादूला सविस्तर पत्र टाकलं. बाबा, आईचा जीव टांगणीला लागलाय, ताबडतोब पत्र पाठव, आणि तिकीट स्वतः जिभेनं ओलं करून लाव. असलं पत्र लिहिणारा मी खात्यातला पहिलाच पोस्टमास्तर असेन. उत्तर येईना. सोजरबाई रोज यायची, पायरीवर बसायची. चुडाव्याची थैली आली की मान वर करायची. मी आतून नकारार्थी मान हलवली की खाली घालायची. तिच्या दिराची पोरं मेंढरं राखायची, ती शिव्या द्यायला येऊन जायची. गावातले टवाळ जाता-येता म्हणायचे, "सोजरबाई, म्हादू चंद्रावर पाणी भरायलाय म्हणं." लतीफभाई त्यांच्या अंगावर छत्री उगारायचे.

रशियाचं टपाल यायला वेळ लागतो हे मला ठाऊक होतं. पण होळी जवळ आली, तरी काही नाही, तेव्हा माझ्याही मनात नको ते येऊ लागलं. खोटं कशाला सांगू, एकदोनदा घरी परतताना मी चंद्राकडं बघितलं. शिकलेला माणूस असून बघितलं.

होळीच्या आदल्या बाजाराच्या दिवशी दुपारची यष्टी आली. स्टॅण्ड आमच्या समोरच. मी ठप्पे मारत होतो. बाहेर लतीफभाईंचा आवाज आला, "अरे, अरे, अरे." मी खिडकीतून बघितलं. जाड परदेशी कोट घातलेला एक वाळका माणूस पायरीशी उभा, फाल्गुनाच्या उन्हात घामानं निथळत. सोजरबाई बसलेलीच होती. तिनं त्याचा पाय धरून ठेवला होता, पोटरीशी, दोन्ही हातांनी. मेंढरू निसटू नये म्हणून धरतात तसा.

"आये, सोड की," तो म्हणत होता. "लोक बघायलेत."

"बघू दे," ती म्हणाली. पण पाय सोडला नाही.

त्याचं शिक्षण संपलं होतं. माझं पत्र पोचायच्या आधीच तो बोटीवर चढला होता. मी खाली आलो. आनंद झाला होता आणि त्यापेक्षा जास्त संताप. म्हटलं, "गाढवा, निघताना एक पत्र टाकता आलं नाही? इथं आईनं जीव दिला असता. ती तुझी तिकिटं, तू चाटलेली, बिरोबापाशी पुजून ठेवलीत तिनं."

म्हादू बावळटासारखा म्हणाला, "तिकिटं? तिकिटं मी कुठं लावायचो मास्तर? आमच्या बोर्डिंगात एक म्हातारी बाई व्हती, दारापाशी बसणारी. आमी पत्र तिच्याकडं द्यायचो. तीच तिकीट चाटून लावायची अन् पेटीत टाकायची. एकबी पत्र विसरली न्हाई कधी."

मी कपाळाला हात लावला. लतीफभाईंनी दुसरीकडं बघितलं. मला वाटलं, आता ही बाई रडेल नाहीतर पोराच्या मुस्काटात देईल. दोन वर्षं तिनं परक्या मुलखातल्या, परक्या बाईचं उष्टं देवापाशी ठेवलं होतं.

सोजरबाईनं पाय सोडला. उठून उभी राहिली.

"तिला कोण हाय?" तिनं विचारलं.

"कोण न्हाई. दोन पोरं व्हती, लढाईत गेली म्हणं. जर्मनाच्या."

"मग तिला कोण लिवतंय?"

हा प्रश्न म्हादूच्या डोक्यात दोन वर्षांत आला नव्हता. सोजरबाई माझ्याकडं वळली. "मास्तर, एक पाकीट काढा. लिवा तिला."

"काय लिहू?"

"लिवा, पोरगं पोचलं."

"आये, तिला मराठी येत न्हाई," म्हादू म्हणाला.

"तुमी लिवा मास्तर," ती म्हणाली. मी लिहिलं. पत्ता म्हादूनं रशियन अक्षरांत घातला. मी तिकीट काढलं आणि सवयीनं स्पंजाकडं हात नेला. तिनं माझ्या हातातून तिकीट काढून घेतलं, जिभेवर ठेवलं, पाकिटावर लावलं आणि अंगठ्यानं बराच वेळ दाबून धरलं.

"आता कळंल तिला," ती म्हणाली.